मॅगव्हीलचा रंग बदलताना

आमच्या थोरल्याला नोकरी लागली आणि तिसरा पगार हातात आल्यावर त्याने घरात जाहीर केलं, "गाडीची चाकं काळी करायची." गाडी अब्बांच्या नावावर आहे. पांढरी हॅचबॅक, २०१६ सालची, चार वर्षांपूर्वी आम्ही ती जुनी घेतली. तेव्हापासून तिची मॅगव्हील चंदेरी. म्हणजे आपली म्हणायला चंदेरी. मीरा रोडला चार पावसाळे काढले की चंदेरी रंग चंदेरी राहत नाही.

ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या मीरा-भाईंदरच्या एका बाजूला उत्तनचा समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी आणि मधे मिठागरं. ज्या हवेत मीठ पिकतं त्या हवेत लोखंड टिकत नाही, हे आपण गॅलरीच्या ग्रीलवरून ओळखतोच. मॅगव्हील ॲल्युमिनियमची असतात, त्यांना तांबडा गंज चढत नाही, म्हणून लोक समजतात की त्यांना काही होत नाही. होतं. फुटपाथच्या कडेला घासून किंवा खडी उडून वरचा पारदर्शक थर एका जागी फुटला की त्या फटीतून खारट ओल आत शिरते. मग थराखालून पांढऱ्या रेघा धावायला लागतात, वाळवीच्या वाटांसारख्या. आमच्या तीन चाकांवर अशा रेघा होत्या. मागचं डावं चाक मात्र अगदी स्वच्छ होतं. पाहुणे आले की गाडी त्या बाजूने दिसेल अशी उभी करायची, असा विनोदही आमच्याकडे चालायचा.

अब्बांना हा खर्च पटत नव्हता. सत्तावीस वर्षं त्यांनी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. तिला पत्र्याची लोखंडी चाकं. खड्ड्यात कड वाकली तर पंक्चरवाला हातोड्याने ठोकून सरळ करून द्यायचा आणि तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा. "चाक फिरतंय ना, एवढंच बघायचं. रंग बघायला प्रवासी खाली वाकत नाही," हे त्यांचं मत. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा बातम्यांत जुन्या टॅक्स्या दाखवत होते आणि अब्बा पडद्याजवळ जाऊन चाकंच बघत होते. त्यामुळे चाकांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला आमच्या घरात वजन आहे.

धाकटीला ब्राँझ रंग हवा होता. अम्मींना आहे तोच. आम्ही दोघं काळ्याच्या विरोधात होतो, पण कारण शोभेचं नव्हतं. ब्रेक लावताना पॅड घासून जी काळपट भुकटी पडते ती काळ्या चाकावर दिसत नाही, हे खरं. पण मेट्रोच्या कामाने गेली काही वर्षं आपल्या रस्त्यांवर सिमेंटची जी पांढरी धूळ उडते आहे ती काळ्यावर पिठासारखी उठून दिसते. दोन्ही लपवणारा रंग हवा असेल तर गडद राखाडी, ज्याला दुकानदार गनमेटल म्हणतात. थोरल्याला शंका आली की पोलीस चलान फाडतील. आरसीवर जो रंग लिहिलेला असतो तो बॉडीचा. तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. चाकांच्या रंगाचा रकाना आरसीवर नसतो. तेव्हा तोही प्रश्न मिटला आणि आम्ही काशिमीऱ्याला गेलो.

हायवेपासून आतल्या बाजूला गाळ्यांची जी रांग आहे तिथे एक रंगवाले चाचा बसतात. साठीच्या पुढचे, कपड्यांवर सगळ्या रंगांची पावडर. थोरल्याने मोबाईलवर फोटो दाखवले, चाचांनी ते बघितले नाहीत. ते खाली बसून चाकच बघत राहिले. स्वस्तात हवं असेल तर टायर न काढता, कडेने कागद चिकटवून स्प्रेच्या डब्याने दोन तासांत चाकं काळी करून देणारे भरपूर आहेत, असं त्यांनी सरळ सांगितलं. पण ॲल्युमिनियमवर हवा लागताच एक बारीक थर धरतो आणि त्यावर साधा रंग पकडत नाही. शिवाय त्या पांढऱ्या रेघा मुळापासून काढल्या नाहीत तर नव्या रंगाखालीही त्या चालतच राहतात. तेव्हा टायर काढायचे, औषध लावून जुना रंग सोडवायचा, वाळूच्या माऱ्याने धातू उघडा करायचा, मग पावडर मारून भट्टीत भाजायचं. रंगाचं काम अर्ध्या दिवसाचं आणि उतरवायचं काम दोन दिवसांचं. एका चाकाचे २,६०० रुपये, चारांचे १०,४००. रंगाचा नंबर आत्ताच ठरवायचा का, असं थोरल्याने विचारलं. चाचा म्हणाले, "पहले रंग उतरने दो, फिर व्हील खुद बोलेगा."

आम्हाला वाटलं, कारागिरांची बोलायची पद्धत असते.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "घरातल्या मोठ्यांना घेऊन या." अब्बांना रिक्षात बसवून आम्ही गेलो. गाळ्यात फळीवर चार चाकं मांडलेली. तीन राखेच्या रंगाची, उघडी, जागोजागी खारीने टोचे मारलेले, पण अखंड. चौथं आमचं लाडकं मागचं डावं. त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे गाडीखाली वाकून टॉर्च मारल्याशिवाय कधी दिसणार नाही अशा ठिकाणी, नखाएवढ्या जाडीची लांबी भरलेली होती. पत्र्याचे खड्डे बुजवतात ती लांबी. चाचांनी ती खरवडली होती. खाली कडेपासून आतपर्यंत बोटभर लांबीचं वेल्डिंग, वरून घासून सपाट केलेलं.

चाचांकडे दोन बाटल्या असतात. एकीत लाल द्रव. तो वेल्डिंगच्या आसपास मारून दहा मिनिटं थांबायचं, मग फडक्याने पुसून टाकायचं. दुसऱ्या बाटलीतून पांढरा फवारा. पांढऱ्या थरावर काहीच उमटलं नाही तर चाक बरं. धातूत चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग वर येतो. आम्ही बघत असताना त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली. वेल्डिंग जिथे संपतं तिथून पुढे, दोन बोटं.

अब्बांनी पाना मागितला. पहिल्या चाकावर ठोकला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. खणखणीत आवाज. चौथ्यावर ठोकल्यावर बसका आवाज आला, फुटक्या माठासारखा. पूर्वी स्टेशनात गाडी थांबली की रेल्वेचा माणूस लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोकत जायचा. कशासाठी, ते आम्हाला त्या दिवशी समोर ऐकू आलं.

चाचांनी जे समजावलं आणि नंतर आम्ही वाचून ताडून पाहिलं ते असं. मॅगव्हील नुसतं ॲल्युमिनियम नसतं. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. चाक ओतल्यावर ते सुमारे ५४० अंशांपर्यंत तापवतात, एकदम पाण्यात थंड करतात, मग पुन्हा दीडशेच्या वर काही तास मुरवतात. चाकाची ताकद त्या मुरवण्यात असते. वेल्डिंग करताना धातू वितळतो, आणि शेजारचा भाग इतका तापतो की मुरवलेलं सगळं वाया जातं. जोड दिसायला पक्का, पण जोडाच्या कडेचा धातू मऊ. पुढच्या खड्ड्यात चीर तिथूनच पुढे सरकते. लोखंडी चाक वाकून तक्रार करतं. मॅगव्हील वाकण्यापेक्षा तडकणं पसंत करतं. शिवाय वेल्डिंगवर रंग चढवला की त्याच्यासारखं देखणं चाक दुसरं नाही. आमचं तेच चाक का इतकं स्वच्छ होतं याचा उलगडा झाला. ते बाकीच्या तिघांनंतर, आमच्याकडे यायच्या जरासं आधी रंगवलेलं होतं.

रिक्षातून परतताना कोणी बोललं नाही. आम्ही मनात हिशेब करत होतो. आमचं गाव म्हसळा तालुक्यात. दर ईदला, मे महिन्यात, शिवाय कोणाच्या लग्नाला, मयताला, म्हणजे वर्षातून चार-पाच फेऱ्या. पळस्पे ते इंदापूर हा रस्ता २०११ पासून रुंद होतो आहे; त्यावरच्या खड्ड्यांबद्दल कोकणातल्या माणसाला काही सांगायची गरज नाही. मग माणगावला आत वळलं की घाट. पावसात, रात्री, सहा-सहा जण कोंबून आम्ही त्या रस्त्याने गेलो आहोत. आणि त्या चाकाच्या बरोबर वर, मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी, अम्मी बसतात. कारण तिथे वारा लागतो आणि त्यांना गाडी लागत नाही.

हे अम्मींना सांगितलं नाही. अब्बांनी रात्री सांगितलं असणार, कारण सकाळी त्यांनी सदका काढून ठेवला होता.

आता पुढे काय. कंपनीच्या दुकानात चौकशी केली तर ती नक्षी बंद झालेली. चारही चाकं नवी घ्यायची तर तीस हजारांच्या घरात. धाकटी बारावीला, पुढच्या वर्षी तिची फी दारात उभी. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा एक ओळखीचा माणूस घरी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फार सोपा मार्ग सांगितला. पुन्हा लांबी भरा, चारही चाकं झकास काळी करा आणि गाडी विकून टाका. चकाचक चाकं बघून घेणारा दहा-पंधरा हजार जास्त देईल, तेवढेच नव्या गाडीत. तो वाईट माणूस नाही. त्याच्या धंद्यात हे पाप म्हणून नव्हे तर पॉलिश म्हणून चालतं. दोष दाखवून माल विकावा, हे आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो. पण समोर पंधरा हजार दिसले की कान जरा जड होतात. आम्ही एकमेकांकडे बघत होतो तेवढ्यात अब्बांनी त्याला विचारलं, "ज्याला विकायची त्याची म्हातारी कुठं बसणार?"

त्याला प्रश्न कळला नाही. तो चहा संपवून गेला.

शनिवारी थोरल्याला घेऊन कुर्ल्याला गेलो, सीएसटी रोडला. गाडी गाळ्यात विटांवर उभी, म्हणून लोकलने. मुंबईत मोडलेल्या गाड्यांचं काय होतं हे ज्याला बघायचं असेल त्याने एकदा तो रस्ता पायी चालावा. दरवाजे एका दुकानात, आरसे दुसऱ्यात, सीट तिसऱ्यात, आणि मॅगव्हील छतापर्यंत रचलेली. दुकानदाराला वाटतं की मागणारा नक्षी घेऊन आला आहे. पण नक्षीच्या आधी मापं जुळावी लागतात. नटांची भोकं किती, त्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास किती, मधलं छिद्र केवढं, चाक आत किती बसतं तो ऑफसेट किती. ही मापं बहुतेक चाकांच्या पाठीवर ओतलेली असतात. आमची १५ इंच, रुंदी साडेपाच, चार भोकं, वर्तुळ १०० मिलिमीटर. थोरला कागदावर लिहून घेऊन आला होता. पाचव्या दुकानात आमच्याच नक्षीचं एक चाक निघालं, त्याच गाडीच्या वेगळ्या मॉडेलचं. रंग काळा.

चाचांनी पढवून पाठवलं होतं. पुढची बाजू बघूच नका, पाठ बघा. कारखान्यातली पाठ खरबरीत असते आणि तिच्यावरचा रंग सगळीकडे सारखा, पातळ. पाठ पुढच्यापेक्षा चमकत असेल तर ठेवून द्या. आतल्या कडेवरून पूर्ण फेरी नख फिरवा. आम्ही रस्त्यावर उकिडवे बसून टॉर्चने बघतोय, नख फिरवतोय, पान्याने ठोकतोय, आणि दुकानदार वैतागून म्हणतोय की भाई, चाक घ्यायचंय की मुलगी बघायला आलाय. ४,२०० सांगितले, ३,६०० ला दिलं.

येताना गोणपाटात गुंडाळून दादरहून भाईंदर गाडीच्या लगेज डब्यात चढलो. रिकाम्या पाट्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी गोणपाटाचं तोंड बाजूला करून बघितलं आणि विचारलं, "कुठल्या डब्याचं काढून आणलं रे?" मीरा रोड येईपर्यंत डबा हसत होता. थोरलाही हसला, चार दिवसांत पहिल्यांदा.

आता तीन चाकं उघडी आणि एक काळं. गंमत अशी की ज्या रंगाला थोरल्याचा शौक म्हणून नावं ठेवली होती तो आता गरजेचा होऊन बसला. चारही एका रंगाची करायची तर सगळी रंगवावीच लागणार होती. अम्मींनी चंदेरीचा हट्ट सोडला, धाकटीने ब्राँझचा सोडला नाही पण तिचं मत पडलं. गनमेटल ठरला. कुर्ल्याचं चाक काळंच होतं, तरी चाचांनी त्याचाही रंग पूर्ण उतरवला, लाल-पांढऱ्या बाटल्या फिरवल्या, अब्बांना बोलावून पाना हातात दिला. खणखणीत.

पावडर मारताना बघण्यासारखं असतं. चाक तारेच्या आकड्याला टांगलेलं, बंदुकीतून कोरडी पूड उडते, तिला विजेचा भार दिलेला असतो म्हणून ती हवेतून वळून चाकाच्या मागच्या बाजूलासुद्धा जाऊन चिकटते. मग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पंधरा-वीस मिनिटं. पूड वितळून एकसंध साल धरते. ओल्या रंगापेक्षा ही साल चिवट, खाऱ्या हवेत जास्त टिकते. पण मुरवलेल्या धातूला वारंवार असं भाजणं चांगलं नाही, तेव्हा दर दोन वर्षांनी हौस म्हणून रंग बदलायला येऊ नका, असं चाचांनी थोरल्याला दम दिल्यासारखं सांगितलं. स्वतःच्या गिऱ्हाइकाला असं सांगणारा माणूस आम्ही फार वेळा पाहिलेला नाही.

एक गोष्ट रंग द्यायला निघालेल्या प्रत्येकाने विचारून घ्यावी. नट जिथे बसतात त्या खळग्या आणि चाक जिथे गाडीला टेकतं ती मागची चकती, या दोन जागा चाचांनी टेप लावून कोऱ्या ठेवल्या. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर नट आवळताना तो दबतो, चालत्या गाडीत चुरतो, आणि आवळलेला नट ढिला पडतो. देखणं चाक हायवेवर निसटतं ते बऱ्याचदा अशाने. चाकं बसवताना नट समोरासमोरचे आवळले, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, मोजून. ऐंशी किलोमीटर झाल्यावर परत जाऊन पुन्हा आवळून घेतले. चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं. रंगाचे १०,४००, चाकाचे ३,६००, टायर काढणं-बसवणं आणि बॅलन्सिंगचे ८००. रंगाचे थोरल्याने दिले, बाकीचे अब्बांनी, कोणाला न विचारता.

तडकलेलं चाक गाळ्याच्या कोपऱ्यात पडून होतं. शेजारच्या भंगारवाल्याने दोन भाव सांगितले. आख्खं दिलं तर २,०००. तोडून दिलं तर वजनावर, किलोला १६०. तोडलेल्याला कमी का, असं थोरल्याने विचारलं. तो माणूस खोटं बोलला नाही. म्हणाला, आख्खं असलं की पुढे चाक म्हणून जातं.

अब्बांनी चाचांच्या पोऱ्याला ग्राइंडर आणायला सांगितलं. पोऱ्याने चाचांकडे बघितलं, चाचांनी मान हलवली. आधी वेल्डिंगच्या जागी पातं घातलं, मग समोरच्या बाजूने, मग आडवं. ठिणग्या उडत नाहीत ॲल्युमिनियमच्या, नुसता करकर आवाज आणि चंदेरी चुरा. चार तुकडे झाले. भंगारवाल्याने ते तराजूत टाकले. ७ किलो ८०० ग्रॅम, १,२४८ रुपये. अब्बांनी त्यातले शंभर पोऱ्याच्या हातावर ठेवले, बाकीचे मोजून खिशात घातले आणि गाडीत मागे बसायला गेले. डाव्या खिडकीशी अम्मी बसल्या होत्या, म्हणून दुसऱ्या बाजूने.